उभ्याचा ताप

कारणे दाखवा नोटीस, दिनांक ११ ऑगस्ट. खुलासा सात दिवसांत सादर करावा. प्रत्येक उत्तर कमाल पन्नास शब्दांत. चौकटीबाहेर लिहू नये.

खुलासा देणार: नूतन भदाणे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोनगीर केंद्र.


प्रश्न १. दिनांक २ ऑगस्ट रोजी आपण यंत्राच्या पडद्यावरील आवरण काढले काय?

हो.

एक शब्द झाला. उरलेले एकोणपन्नास पुरणार नाहीत, तेव्हा चौकट संपली की मागच्या बाजूला पाहावं.

आवरण म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ज्यांनी ही नोटीस टाईप केली ते सोनगीरला कधीच आले नाहीत. आपलं केंद्र म्हणजे हायवेवर एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. खोलीत फ्रीज, टेबल, दोन खुर्च्या आणि मशीन. मशीनच्या पडद्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला होता. आपले प्रकल्प समन्वयक मनन सर यांच्या चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, आतल्या बाजूने. आपल्या कोट्यवधींच्या प्रकल्पाचं गुपित त्या पुठ्ठ्यावर आणि दोन चिकटपट्ट्यांवर उभं होतं.

मशीन काय करतं, ते मी अकरा महिने लोकांना असं सांगत आले: विषाणू अंगात शिरला की तो रक्ताच्या तपासणीत सापडण्याआधी आपल्या पांढऱ्या पेशींना कळतो. त्या आतल्या आत ओरडायला लागतात. म्हणजे काही ठराविक जनुकं चालू होतात आणि त्यांचे निरोप, आरएनएचे तुकडे, रक्तात वाढतात. आपलं मशीन असे सहा निरोप मोजतं आणि दोन आकडे देतं. पहिला आकडा, ताप विषाणूचा आहे का. दुसरा, तो बिघडणार आहे का. दोन्ही शून्य ते शंभर. रक्त घातल्यावर एका तासात.

आणि तो एक तास झाला की आकडा पुठ्ठ्याच्या मागे उमटतो. मी न बघता बटण दाबते. तो मशीनच्या पोटात साठतो. मुंबईच्या मुख्य कार्यालयात जातो. रुग्णाला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, मला कळत नाही.

असं का, हे मला समजत नाही असं समजू नका. मी बी.एस्सी. आहे, डीएमएलटी आहे. डॉक्टरला आकडा कळला तर तो उपचार बदलणार. उपचार बदलले तर रुग्ण बिघडणार नाही. मग मशीन खरं बोललं होतं की खोटं, हे ठरवायचं कसं? म्हणून कुणालाच सांगायचं नाही. यात काही काळंबेरं नाही. हे शास्त्र आहे. मीच लोकांना पटवून दिलं आहे, आणि चांगलं पटवून दिलं आहे. माझ्या केंद्रावर नकार सगळ्यात कमी होते. त्याबद्दल मला जानेवारीत प्रमाणपत्र मिळालं. तेही हवं तर परत घ्या.


प्रश्न २. सहभागी क्र. २१२ यांच्या पहिल्या भेटीचा तपशील द्यावा.

सहभागी क्रमांक २१२ चं नाव दिपमाला. वय चोवीस. सोनगीरपासून आत सहा किलोमीटरवरचं गाव. शनिवारी दुपारी बारा वाजता नवऱ्याच्या, कुंदनच्या, मोटरसायकलवर आली. सोबत सासू भिकुबाई. तिघं एका गाडीवर. दिपमाला मध्ये, म्हणजे पडू नये.

फॉर्म असा आहे:

ताप आहे ☑  ताप नाही ☐
तापाचा दिवस: १ ☑ २ ☐ ३ ☐ ४ व पुढे ☐

एकवर खूण मी केली. विचारलं, "कवयपासून ताप शे?" दिपमाला काही बोलण्याआधी सासू म्हणाली, "काल सांजले पडनी." दिपमालाने मान हलवली. मी खूण केली. रक्त घेतलं. डेंग्यूचं नेहमीचं कार्ड लावलं, ते कोरं आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पाणी भरपूर प्या, सोमवारी परत दाखवा. भिकुबाई म्हणाल्या, सोमवारी जमणार नाही, सोमवारी कानबाई देवीचं विसर्जन. मी म्हटलं, मंगळवारी या. भिकुबाई म्हणाल्या, "पाहू."

जाताना दिपमालाने जिना उतरताना भिंतीला हात लावला. भिंतीला हात लावून खूप जण उतरतात. ती दर पायरीला थांबत होती.

एक वाजून दहा मिनिटांनी मशीन वाजलं. मी पुठ्ठा काढला.

८८. ९१.


कार्यालयीन वापरासाठी. येथे लिहू नये.

येथेच लिहिते. कारण नोटिशीत सहा प्रश्न आहेत आणि खरा प्रश्न त्यात नाही. तो असा: पुठ्ठा आधी का काढला नाही?

सहभागी क्रमांक ०८७. पुष्पाबाई. वय एक्केचाळीस. आपल्याच जिन्याखाली चहाची टपरी चालवायची. नवरा प्रेमराज भाऊ दूध आणायचा, भांडी घासायचा, चहा तिचाच. मी वर जाताना ती रोज विचारायची, "काय वं नूतन, आज कितला लोकेसनं रगत पिनी?" आणि गिऱ्हाइकं हसायची. मी म्हणायचे, तुमचं राहिलंय. मागच्या नोव्हेंबरात ती खरंच वर आली. खुर्चीत बसली, पदर ओला होता. म्हणाली, "काल आडी पडनू." मी तापाच्या दिवसापुढे एकवर खूण केली. कार्ड कोरं आलं.

त्याच्या आधीचे दोन दिवस मी तिच्या हातचा चहा प्यायले होते. तिने शाल गुंडाळलेली होती. नोव्हेंबर होता, मला वाटलं थंडी. ग्लास पुढे करताना तिचा हात माझ्या बोटांना लागला होता आणि तो गरम होता, पण चहावाल्या बाईचा हात गरमच असणार.

तिसऱ्या दिवशी प्रकल्पाचा माणूस टपरीवर जाऊन आला. ताप आहे ☐ ताप नाही ☑. तशी खूण केली की फॉर्म पुढची तारीख आपोआप टाकतो: चौदावा दिवस. ताप नाही म्हणजे बरी. फॉर्मला दुसरं काही माहीत नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, हे मला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, फॉर्म तयार करणाऱ्यांना तर नक्कीच माहीत आहे. पण चौकट दोनच खुणांची ठेवली. पाचव्या दिवशी पुष्पाबाई धुळ्याला गेली. सहाव्या दिवशी गेली.

मी नोंद केली. यादीतून निवडायचं असतं. मी निवडलं: "मृत्यू. संशोधनाशी संबंध नाही."

संबंध नव्हताच. आपण तिला काही दिलं नव्हतं. फक्त घेतलं होतं.


प्रश्न ३. परिणाम पाहिल्यानंतर आपण वरिष्ठांना कळवले काय?

एक वाजून पंधरा मिनिटांनी. मनन सरांना. बोलणं असं झालं:

"पाहिलंस? का पाहिलंस तू?"

"सर, दुसरा आकडा एक्क्याण्णव आहे."

"मला सांगू नकोस. मला ऐकायचाच नाही. मी ऐकला तर मीही अडकलो."

"डॉक्टरांना सांगू का?"

"नूतन, डोकं ठिकाणावर ठेव. ते मशीन अजून सिद्ध झालेलं नाही. उद्या आकडा खोटा निघाला आणि त्या बाईला उगाच भरती केलं तर? कुणाच्या अंगावर येईल?"

"आणि खरा निघाला तर?"

"मंगळवारी भेट आहे ना तिची? थांब. मी मुंबईला विचारतो."

मनन सर वाईट माणूस नाहीत. हे लिहायला मला जड जातं, कारण वाईट असते तर हा खुलासा अर्ध्या पानात झाला असता. ते मुंबईला विचारत राहिले. मुंबईला शनिवारी दुपारी कोणी नव्हतं. कुंदनचा फोन मी चार वेळा लावला, तो लागला नाही. नंतर कळलं, मोबाइल चार्जिंगला लावून सगळे गहू निवडायला बसले होते. मी शनिवारची संध्याकाळ परवानगीची वाट पाहण्यात घालवली. हेही नोंदवून ठेवा. नोटिशीत माझ्यावर घाईचा आरोप आहे. मी बावीस तास उशिरा गेले.


प्रश्न ४. दिनांक ३ ऑगस्ट रोजी आपण सहभागीच्या घरी जाऊन चाचणीच्या अचूकतेबाबत दिशाभूल करणारे विधान केले काय?

हो. कानबाईसमोर केलं.

रविवारी अकरा वाजता पोहोचले. गावात दर दोन घरांआड कानबाई बसली होती. दिपमालाच्या घरात पाटावर नारळ, नारळाला डोळे, नथ, नवं लुगडं, भोवती फुलं. घरात चुलीचा धूर. अंगणात वना आबा, दिपमालाचे सासरे, खाटेवर बसलेले. "ये पोरी," म्हणाले, "रोट तुले देवाव नहीत, भाऊबंदकीनाच ऱ्हातस. च्या ले." मी म्हटलं, दिपमाला कुठे आहे?

ती चुलीपुढे होती. रोट, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, भाजत होती.

कानबाईच्या रोटाचा गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात. या घरात पाच पुरुष, त्यात एक सहा महिन्यांचा. मोजायचं पुरुषांना धरून. निवडायचं, दळायचं, भाजायचं बायकांनी. घरात दोन बायका. एकीचे गुडघे गेलेले.

भिकुबाई खूश होत्या. "ताप गया तिना. कानबाईनी किरपा. हात लाई देख, थंडगार शे."

मी हात लावला. थंडगार होता. ओलाही होता. चुलीपुढे दोन तास बसलेल्या बाईचा हात थंड.

"उलटी झाली?" "दोन येळा," दिपमाला म्हणाली. "पोट दुखस जरासं. बाकी काय नही ताई."

मी पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. वरचा चौऱ्याऐंशी, खालचा सत्तर. या दोन आकड्यांत अंतर वीसच्या खाली गेलं की शॉक सुरू झाला समजायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं आहे. प्रशिक्षणाचंही प्रमाणपत्र आहे.

मग मी तिला विचारलं, सासूकडे पाठ करून विचारलं, "दिपमाला, ताप खरंच शुक्रवारपासून का?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मला प्रश्नच विचारता येत नाही. "शुक्रवारले पडनू. बुधवारले निंदाले गई तवयच अंग तपेल व्हतं."

"मग बुधवार का नाही सांगितलास?"

"उभ्याना ताप कोन मोजस, ताई?"

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. मी बावळट असल्यासारखं तिने समजावून सांगितलं. चालता येतंय, वाकता येतंय, तोवर तो ताप नसतो. आडवं पडलं की ताप सुरू होतो. काल माझ्या फॉर्मवर ती पहिल्या दिवसाची रुग्ण होती. आज पाचवा दिवस होता, ताप उतरण्याचा, आणि ती चुलीपुढे बसली होती.

मी उभी राहिले आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्यायचं.

कोणी ओरडलं नाही. वना आबा खाटेवरूनच म्हणाले, "तुले कोनी धाडेल शे?" मी म्हटलं, कोणीच नाही. कुंदन दारात उभा होता. तो म्हणाला, "मिरवणूक शे सकाळले. उद्या विसर्जन व्हयनं की तिले दवाखानामा लई जासूत."

"अक्का," मी भिकुबाईंना म्हटलं, "या दुखणामा ताप उतरस तवयच भेव शे. मशीनना आकडा एक्क्याण्णव शे. शंभरमातून."

भिकुबाई पाटाजवळ बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"तूच सांगेल शे ना काल? कागदवर साक्षीदार म्हनीसन माना अंगठा लिधा तवय. आकडा खरा बी ऱ्हास, खोटा बी ऱ्हास, त्यावरथून कोनी काय ठरावानं नही. आज कसा काय खरा व्हयना?"

दोनशे बारा वेळा. संमतीपत्रातलं चौथं वाक्य. हसत, हळू, समोरच्याच्या बोलीत, त्याला समजलं की नाही ते परत विचारून. मी ते इतकं नीट समजावलं होतं की एका रात्रीत भिकुबाईंचं पाठ झालं होतं. आपल्या प्रकल्पाच्या अहवालात "सहभागींचे आकलन" असा एक रकाना आहे. तिथे माझ्या केंद्राला पूर्ण गुण द्या.

"बीपी बी कमी शे," मी म्हटलं.

"हाऊ बी आकडाच ना?"

"हो."

"मंग?"

दिपमालाने तव्यावरचा रोट उलटला. त्यासाठी तिने दुसरा हात जमिनीला टेकवला; आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण रोट नीट उलटला गेला.

भिकुबाई म्हणाल्या, "खरं शे त आठे सांग. तिनापुढे." आणि पाटाकडे बोट केलं.

मी चप्पल काढून पाटासमोर गेले. हात जोडले. म्हटलं, मशीन कधीच चुकत नाही. आजपर्यंत एकदाही चुकलेलं नाही. ज्याचा आकडा नव्वदच्या वर, तो माणूस दवाखान्यात गेला नाही तर जगत नाही.

यातलं एकही वाक्य मला माहीत नव्हतं. मी त्याआधी एकच आकडा पाहिला होता, तिचाच. आपल्याकडे अकरा महिन्यांचे आकडे आहेत आणि ते खरे की खोटे हे सांगू शकणारं माणूस सोनगीरपासून धुळ्यापर्यंत एकही नाही, कारण तशीच रचना आहे. तेव्हा, होय. दिशाभूल केली. शपथेवर केली.

भिकुबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा थांबून. चुलीपाशी गेल्या आणि सुनेच्या हातातलं उलथणं काढून घेतलं.

"जाय," म्हणाल्या. "मी भाजस."

"आवं, पन इतला रोट..." वना आबा म्हणाले.

"तुम्ही भाजतस का?"

मिरवणुकीसाठी आणलेला छोटा हत्ती टेम्पो बाहेर उभा होता. कुंदनने त्यातले दोन स्पीकर खाली उतरवले आणि गोधडी घातली. धुळ्याला पोहोचेपर्यंत दिपमाला दोनदा बेशुद्ध झाली. प्लेटलेट एकोणीस हजार. अतिदक्षता विभागात चार दिवस. पाचव्या दिवशी तिने भाकरी मागितली.

ती जिवंत आहे. नोटिशीत हा उल्लेख राहून गेला आहे. नोटिशीत लिहिलं आहे: "क्र. २१२ ची नोंद विश्लेषणासाठी निरुपयोगी झाली."


प्रश्न ५. आपण दिनांक ६ ते १० ऑगस्टदरम्यान जुन्या सहभागींच्या घरी विनापरवानगी भेटी देऊन तापाच्या पहिल्या दिवसाच्या नोंदी फिरवण्याचा प्रयत्न केला काय?

फिरवल्या नाहीत. विचारल्या.

फॉर्मवरचा प्रश्न "ताप कधीपासून?" असा आहे. मी तो विचारला नाही. मी विचारलं, "पडायच्या आधी किती दिवस तापातच कामाला जात होतीस?" चाळीस बायकांना विचारलं. एकोणतीस जणींनी उत्तर दिलं. दोन दिवस, तीन दिवस. सर्वांत जास्त चार. एकीने वीटभट्टीवर चार दिवस तापात विटा उचलल्या आणि पाचव्या दिवशी ती माझ्याकडे पहिल्या दिवसाची म्हणून आली. एकीने मला उलट विचारलं, "उभीच होती तर ताप कसाना?" वीस पुरुषांनाही विचारलं. अठरा जणांचा पहिला दिवस पहिलाच होता. त्यांना अंगात जराशी कसर वाटली तरी आडवं व्हायला खाट मिळते.

मनन सर परवा केंद्रावर आले. खुर्ची पुसून बसले. मी यादी पुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं नाही.

"याचा अर्थ कळतोय तुला? आपलं सगळं पहिल्या दिवसावर उभं आहे. पहिल्याच दिवशी निदान. नाव तेच आहे प्रकल्पाचं."

"हो सर."

"तू म्हणतेस निम्म्या बायकांचा पहिला दिवस चौथा होता. मग मशीनने नवीन काय केलं? चौथ्या दिवशी तर साधं कार्डही सांगतं."

"दिपमालाला नाही सांगितलं, सर. कोरं होतं."

"एका बाईवरून..."

"पुष्पाबाई धरून दोन."

त्यांनी खिशातून कागद काढला. टाईप केलेला होता. त्यात असं होतं की क्रमांक २१२ च्या तापाची तारीख लिहिताना माझी वैयक्तिक चूक झाली, बाकी सर्व नोंदी बरोबर आहेत, आणि आवरण मी अनवधानाने काढलं. खाली सहीची जागा.

"सही कर. नोकरी राहील. एक नोंद वगळतील, दोनशे अकरा वाचतील. नूतन, हे मशीन चांगलं आहे गं. तुझ्यामुळेच तर कळलं चांगलं आहे. ते बाजारात यायला नको का?"

हे बोलताना त्यांचा आवाज खरा होता. म्हणून मला जास्त राग आला. मशीन चांगलंच आहे. मी त्याच्यावर रागावलेली नाही. पेशी वेळेवर ओरडतात. मशीन वेळेवर ऐकतं. त्यानंतर पुठ्ठा, त्यानंतर फॉर्म, त्यानंतर मुंबई. आणि त्याच्याही आधी, सगळ्याच्या आधी, ती बाई तीन दिवस उभी. मशीन बाजारात आलं तरी ती चौथ्या दिवशीच येणार आणि म्हणणार, काल पडले. मग त्याच्या डब्यावर काय छापणार आहात? "तापाच्या पहिल्या दिवशी, आडवे झाल्यापासून"?

सर म्हणाले, "तू फार चिडली आहेस. चिडून निर्णय घेऊ नये."

मी म्हटलं, "अकरा महिने न चिडता घेतले ना सर."

~~मी सही करते~~ ही ओळ माझीच आहे, तेव्हाच लिहिली आणि तेव्हाच खोडली. वाचता येईल अशी खोडली आहे.


प्रश्न ६. यापुढे कोणत्याही सहभागीस चाचणीचा परिणाम कळवणार नाही, अशी हमी द्यावी.

मशीन १२ तारखेला सील झालं. नोटीस ११ ला आली. मधल्या दुपारी मी केंद्रावर होते. मशीनच्या पोटातले सगळे आकडे मागे मागे जात पाहिले आणि ज्यांचा दुसरा आकडा सत्तरच्या वर होता त्यांची नावं वहीत लिहून घेतली. नऊ. दिपमाला धरून.

०८७: ८६. ९०.

खाली उतरले. प्रेमराज भाऊ चहा गाळत होते. आता टपरी तेच चालवतात. चहा पातळ असतो, कुणी बोलत नाही. मी बाकावर बसले नाही. म्हटलं, "भाऊ, पुष्पाबाईंच्या रक्ताचा आकडा सांगायचा आहे."

"कसाना आकडा?"

मी सांगितलं. दोन्ही आकडे, दोन्हींचा अर्थ. साध्या शब्दांत, हळू, जसं शिकवलं आहे तसं. समजलं का, ते विचारलं नाही.

"हाऊ कवय ऊना?"

"त्याच रोज. एक तासमा."

"कोनले माहीत व्हतं?"

"मशीनले."

"तुले?"

"मी पुठ्ठा काढला नाही."

त्यांनी गाळणी भांड्यावर आपटली, चहापत्ती झटकली. एका गिऱ्हाइकाला ग्लास दिला, दुसऱ्याला दिला. मी तिथेच उभी होते. मला वाटलं ते मला हाकलतील, आणि मला ते हवं होतं. त्यांनी फडक्याने हात पुसले.

"आनखी कितला शेतस असा?"

"दिपमाला सोडून सात घरं."

"त्यासले सांगेल शे?"

"नाही अजून."

"मंग आठे काय करस?"

सातपैकी चार घरं झाली. दोन जगले आहेत, त्यांनी ऐकून घेतलं आणि मशीन कुठे मिळतं ते विचारलं. एका घरात वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. मुलाने मला बसू दिलं नाही, आकडा मात्र कागदावर लिहून घेतला आणि खाली माझं नाव, फोन नंबर लिहून घेतला. त्याने वकील पाहिला तर मी त्याच्या बाजूने बोलेन. चौथ्या घरात बाई शेतात गेली होती. तिच्या जावेने सांगितलं, अंग गरम आहे तिचं, पण गेली. मी शेतापर्यंत चालत गेले.

चाळीस बायकांची यादी, वीस पुरुषांची यादी आणि या खुलाशाची प्रत मी नीतिमत्ता समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. मनन सरांचा टाईप केलेला कागद मूळ सोबत जोडला आहे. हमीपत्राची जागा कोरी ठेवली आहे.

उरलेली तीन घरं आता सोनगीरला नाहीत, कामासाठी बाहेर गेली. एक दीपनगरला, दोन पाचोऱ्याला. हे शेवटचं पान पाचोऱ्याच्या स्टँडवर बसून लिहिलं, म्हणून अक्षर खराब आहे.

नूतन भदाणे
१७ ऑगस्ट